नव्वद धोके आणि एक दुकान

ओरेस्तेने आपल्या सख्ख्या मेहुण्याला रविवारी दुपारी, भर जेवणात, दुसऱ्या पानावर मारलं.

कागदावर मारलं, पण मारलं. मकरोनीची पहिली ताटं संपली होती, भरली वांगी यायची होती, आणि मधल्या वेळेचा सदुपयोग म्हणून ओरेस्तेने चष्मा पुसला, खाकरला आणि वाचायला सुरुवात केली.

"धोका क्रमांक चार. भागीदार कातेल्लो याचा अचानक मृत्यू. निवारण..."

निवारण ऐकायला थांबतोय कोण? कातेल्लोचा काटा खणकन ताटात पडला. त्याचा उजवा हात खिशातल्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे गेला, कारण लोखंडाला हात लावला की बला टळते. डावा हात टेबलाखाली जिथे गेला तिथे पोर्तिची गावातल्या समस्त पुरुषांचे हात अशा प्रसंगी जातात, आणि त्याबद्दल अधिक बोलायची रीत नाही. तितीनाने, म्हणजे ओरेस्तेच्या बायकोने आणि कातेल्लोच्या थोरल्या बहिणीने, तर्जनी-करंगळीची शिंगं करून जमिनीकडे रोखली.

"भाऊजी, मी तुमच्याकडे जेवायला आलो होतो," कातेल्लो म्हणाला.

"अरे, तू मरशील असं कुठे लिहिलंय? मेलास तर, असं लिहिलंय."

"दुसऱ्या पानावर!"

"बरं बाबा, सहाव्या पानावर ढकलतो."

"पान कुठलंही असो, मला मारायचंच कशाला? स्वतःला का नाही मारलंत?"

"मी भागीदार नाही," ओरेस्ते शांतपणे म्हणाला. "मी सल्लागार आहे."

कातेल्लो उठला. वीस वर्षं दुसऱ्यांच्या भट्ट्यांवर पाव भाजलेला धिप्पाड माणूस, पण खिशातल्या किल्ल्या त्याने अजून सोडल्या नव्हत्या. ज्या कागदावर आपण मेलेले आहोत त्या कागदावर आपण सही करणार नाही, असं जाहीर करून तो वांगी न खाता निघून गेला. तितीनाची वांगी सोडून कुणी उठल्याची त्या घरात ही पहिलीच वेळ होती.

आता हा कागद कसला, ते सांगितलं पाहिजे. इमारतीच्या तळमजल्यावरचं वर्तमानपत्रांचं दुकान बंद पडून वर्ष झालं होतं. जागा नगरपालिकेची. ती तितीनाला ताराल्लीच्या दुकानासाठी मिळणार होती. ताराल्ली म्हणजे चरबी, काळी मिरी आणि बदाम घालून, पीळ देऊन भाजलेली खुसखुशीत कडी. तितीनाच्या हातची ताराल्ली इमारतीतल्या आठही घरांनी तीस वर्षं फुकट खाल्ली होती आणि तोंड भरून सांगितलं होतं, की बाई गं, तू दुकान काढ. जागेला अट एकच होती. प्रांताच्या लघुउद्योग कार्यालयात येत्या शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारी, दुपारी बाराच्या आत, धोके-निवारणाचा आराखडा द्यायचा. त्यात होऊ शकणारा प्रत्येक धोका, त्याची संभाव्यता, जबाबदार व्यक्ती आणि निवारण असे चार रकाने हवेत. प्रत्येक पानावर भागीदारांच्या आणि, खाली भट्टी पेटणार म्हणून, आठही घरांच्या सह्या हव्यात. हे जमलं नाही तर जागा पुढच्या अर्जदाराला, जो मोबाइलची कव्हरं विकणार होता.

कव्हरं! तितीनाच्या मिरी-बदामाच्या जागी प्लॅस्टिकची कव्हरं!

ओरेस्तेला मात्र ही अट वाचून गुदगुल्याच झाल्या होत्या. चौतीस वर्षं त्याने विमा कंपनीत टेबलामागे काढली होती. न घडलेल्या गोष्टींविषयी त्याच्याइतकी माहिती अख्ख्या पोर्तिचीत कुणाला नव्हती. किंबहुना तितीनाचं दुकान आजवर निघालं नव्हतं त्यालाही हीच माहिती कारण होती. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तिने विषय काढला, तेव्हा ओरेस्तेने तिला जळालेल्या भट्ट्यांचे आकडे वाचून दाखवले. पुढे तिचा मावसभाऊ अर्धी भागीदारी घ्यायला तयार झाला, तेव्हा बुडालेल्या भागीदाऱ्यांचे दाखवले. तिसऱ्यांदा तिने विचारलंच नाही.

या खेपेला ती विचारत नव्हतीच, सांगत होती. "तीस वर्षं तू मला धोके सांगून गप्प बसवलंस," वांगी झाकून ठेवत ती म्हणाली. "आता तेच सरकार लिहून मागतंय. तर लिही. दहा लिही, शंभर लिही. पण दुकान मी उघडणार. आणि माझ्या भावाला आधी जिवंत कर."

कातेल्लो जिवंत होईपर्यंत इमारतीत बातमी पसरली. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन्ना कोन्सिल्याने बाल्कनीतून दोरीने टोपली खाली सोडली. एरवी त्या टोपलीतून भाजी वर जाते. "कागद ठेवा त्यात," ती वरून ओरडली. "हातात देऊ नका, मी हातात घेणार नाही!" ओरेस्तेने सत्तावीस धोक्यांची सहा पानं टोपलीत ठेवली. पाच मिनिटांनी ती परत खाली आली. सही एकही नव्हती. पानांवर दृष्टीचा उतारा म्हणून एक लिंबू आणि लाल पोवळ्याचं शिंग मात्र होतं.

"ओरेस्तेसाहेब, तुम्ही सहाव्या ओळीत माझी इमारत पाडलीत!"

"धोका म्हणून, दोन्ना कोन्सिल्या! शक्यता फक्त!"

"आणि दहाव्या ओळीत तो पोटात आग घेऊन बसलेला डोंगर! अहो, आम्ही जन्मापासून त्याच्या पायथ्याशी राहतो, पण त्याला कुणी नावाने हाक मारतं का? तुम्ही तर त्याचं नाव पत्त्यासकट लिहिलंत!"

ओरेस्तेचा मानभंग झाला. चौतीस वर्षं लोक त्याच्या टेबलासमोर टोपी काढून बसत, आणि इथे त्याचं काम टोपलीतून लिंबासकट परत येतं? त्याने अंगणात उभं राहून सगळ्या बाल्कन्यांना उद्देशून छोटंसं भाषण केलं. नाव घेतल्याने संकट येत नाही, तयारी न केल्याने येतं, असं तो म्हणाला. भाषण चालू असतानाच लिफ्ट पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. ती महिन्यातून चार वेळा अडकते. पण त्या दिवशी ती ओरेस्तेमुळे अडकली.

लिफ्टमध्ये अनियेल्लो मास्तर होते. लॅटिन शिकवून निवृत्त झालेले, आणि स्वप्नांच्या आकड्यांतले इमारतीतले शेवटचे प्रमाण. रात्री स्वप्नात काय दिसलं ते सकाळी मास्तरांना सांगायचं, ते त्याचा आकडा सांगतात, आणि तो लॉटरीला लावायचा. एक ते नव्वद, जगातल्या प्रत्येक गोष्टीला आकडा आहे. मांजर तीन, मेलेला माणूस सत्तेचाळीस, बोलणारा मेलेला अठ्ठेचाळीस. शेंबड्या पोरालाही हे पाठ असतं. अडकलेल्या लिफ्टमध्ये मास्तरांना भरपूर वेळ मिळाला, आणि तिथूनच त्यांनी जाळीच्या फटीतून तोडगा सांगितला.

"ओरेस्ते! नाव घ्यायचं नाही. आकडा घ्यायचा! आकड्याने कुणाचं काय वाकडं होतंय?"

ओरेस्तेला हे पटायला दोन कप कॉफी लागली. विमा व्यवसायाचं हे वस्त्रहरण होतं. पण सह्या हव्या होत्या. बसला बिचारा. कातेल्लोचा मृत्यू सत्तेचाळीस झाला. चोर एकोणऐंशी, वादळ-पाऊस त्र्याऐंशी, उंदीर अकरा, तक्रारी साठ. आगीला आकडा कुठला यावर तासभर वाद झाला, शेवटी कातेल्लोच्या सूचनेनुसार अडुसष्ट धरला, म्हणजे गरम सूप. डोंगराला नव्वद दिला. नव्वद म्हणजे भीती, त्यात सगळंच आलं.

सह्या धडाधड झाल्या. कातेल्लोने आपल्या सत्तेचाळीसखाली ठसठशीत सही केली. "हा कोण आहे मला माहीत नाही," तो म्हणाला, "पण माझी हरकत नाही." फक्त दोन्ना कोन्सिल्या एका ओळीपाशी थबकली.

"हे त्रेचाळीस कशाला?"

त्रेचाळीस म्हणजे बाल्कनीत उभी राहून गावभर कुजबुजणारी बाई. ओरेस्तेने तो आकडा 'अफवा' या धोक्याऐवजी लिहिला होता.

"सर्वसाधारण आहे," तो म्हणाला.

"हं," ती म्हणाली, आणि सही केली. पण ती त्याच्याकडे बघत राहिली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण ओरेस्ते एक गोष्ट विसरला होता. पोर्तिचीत तुम्ही कुणाच्या हातात सत्तावीस आकड्यांचा कागद दिला, तर तो माणूस त्यावर नुसती सही करून गप्प बसत नाही.

शनिवारी सोडत झाली. निघालेल्या पाच आकड्यांत अकरा, त्रेचाळीस आणि साठ. तिन्ही आराखड्यातले! अनियेल्लो मास्तरांनी तिन्ही एकत्र लावले होते. जिंकलेल्या पैशांत त्यांनी एवढा मोठा मासा आणला की तो लिफ्टमध्ये आडवा मावेना. ओरेस्तेने अंगणात उभं राहून समजावलं, की नव्वदपैकी सत्तावीस आकडे लिहिले तर पाचांत दीड तरी येणारच, तीन आले हा योगायोग. कुणी ऐकलं नाही. दोन्ना कोन्सिल्या बाल्कनीतून कडाडली, "माझ्या आकड्यावर सगळे जिंकले, आणि मी एकटीनेच तो लावला नाही! का? तर मला वाटलं, हा मेला मला बोलतोय!"

"मी तुम्हाला बोललोच नाही!"

"मग कुणाला बोललात? इथे बाल्कनीत दुसरी कुणी उभी असते का?"

आणि मग जे सुरू झालं ते विमा उद्योगाच्या इतिहासात कुठे नोंदलेलं नसेल. परवापर्यंत जी माणसं एका धोक्याचं नाव ऐकून खिशात हात घालत होती, ती आता धोके घेऊन दार ठोठावू लागली. "ओरेस्तेसाहेब, माझी आई येऊन राहिली तर? बावन्न लिहा." "नाताळला गिऱ्हाइकांची झुंबड उडाली तर? पंचवीस." "गिऱ्हाईक हसलं तर?" असं तळमजल्याच्या शिंप्याने विचारलं. हसलं तर काय होतं, असं ओरेस्तेने विचारताच तो म्हणाला, "ते तुम्ही बघा, तुम्ही तज्ज्ञ आहात. पण एकोणीस लिहा, मी लावलाय." सह्या मात्र प्रत्येक नव्या पानावर आठही घरांच्या हव्या होत्या. नाही म्हटलं तर सही नाही. ओरेस्ते लिहीत गेला.

त्यात भर पडली निवारणांची. आराखड्यात निवारण नुसतं लिहून चालत नाही, त्याच रकान्यात 'केलेली कार्यवाही'ही नोंदवावी लागते, आणि ओरेस्ते असल्या बाबतीत खोटं लिहिणारा माणूस नव्हता. अकराच्या, म्हणजे उंदरांच्या, निवारणासाठी त्याने मांजर आणलं. मांजर अन्नाच्या दुकानात म्हणजे नवा धोका, तीन. मांजराने पहिल्याच दिवशी उंदीर सोडून दोन्ना कोन्सिल्याच्या पिवळ्या पक्ष्यावर झडप घातली. पक्षी शेपटीची दोन पिसं देऊन वाचला, पण झाला ना धोका, पस्तीस! अडुसष्टसाठी आग विझवायचं लाल नळकांडं आणलं आणि नियमाप्रमाणे जिन्यात ठेवलं. त्याला अडखळून शिंपी पडला. पडणं छप्पन्न, इस्पितळ त्र्याहत्तर. नळकांडं चालतं का ते बघायला कातेल्लोने ते स्वयंपाकघरात आणून दट्ट्या दाबला. तितीनाने नमुन्यासाठी भाजलेल्या चार परातींवर पांढरा फवारा उडाला आणि ताराल्लीवर बर्फ पडल्यासारखं झालं.

तितीना पांढऱ्या परातींकडे बघत उभी राहिली. ओरेस्तेला वाटलं, आता ही रडणार. पासष्ट, त्याच्या मनात आलं, आणि स्वतःचीच लाज वाटली त्याला.

"पुन्हा मळते," ती म्हणाली. बाह्या वर केल्या. "पीठ आण. आणि हेही लिही त्यात. सगळं लिही. बघतेच मी, किती धोके आहेत या जगात."

"तितीना, ऐक, अजून वेळ आहे. सोडून देऊ या का?"

"सोडून? कुणासाठी? कव्हरांसाठी?" तिने पिठाचा गोळा ओट्यावर असा आपटला की खालच्या मजल्यावर लिफ्ट सुरू झाली.

गुरुवारी संध्याकाळी ओरेस्तेने मोजले तर एकोणनव्वद धोके झाले होते. सगळ्यांनी मिळून जगातल्या यच्चयावत गोष्टींना धोका ठरवलं होतं. पाव, फुलं, चर्च, जावयाची टोपी. मास्तरांनी यादीवर बोट फिरवलं. "शहाऐंशी राहिला."

"राहू द्या एक," ओरेस्ते म्हणाला.

"असं कसं?" दोन्ना कोन्सिल्या आता टोपलीवर न थांबता स्वतः खाली आली होती. "एकच बाहेर ठेवलात, तर नेमका तोच येईल. लिहा, लिहा."

शहाऐंशी म्हणजे दुकान. कुणाला ते सुचलं नव्हतं, कारण कुणाला ते लावायचं नव्हतं. ओरेस्तेने पेन घेतलं, थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं, मग हाताने आडोसा करून चारही रकाने भरले. पानाखाली सह्या आधीच झाल्या होत्या. त्याने ते पान उलटं ठेवून दिलं.

शुक्रवारी साडेअकराला नवरा-बायको लघुउद्योग कार्यालयाच्या सहा नंबर खिडकीपाशी पोचले. खिडकीमागे सिन्योरा योविने होत्या, बारीक फ्रेमचा चष्मा आणि खिडकी बंद करायला आतुर झालेले हात. त्यांनी आधी तिकीट मागितलं. सरकारी तिकीट चुकीच्या कोपऱ्यात लावलेलं निघालं. ते काढून दुसऱ्या कोपऱ्यात लावायला दहा मिनिटं गेली, कारण ओरेस्ते थुंकी लावेना आणि डिंक कुणाकडे मिळेना. मग त्यांनी मधलंच एक पान उघडलं.

"नव्वद, भीती. जबाबदार व्यक्ती, संत जेन्नारो." त्या चष्म्यावरून बघू लागल्या. "यांचा कर क्रमांक?"

"ते कर भरत नाहीत," ओरेस्ते म्हणाला.

"मग त्यांना जबाबदार कसं धरायचं?"

"बाई," तितीना पुढे सरकली, "आजपर्यंत तो डोंगर कुणी अडवून धरलाय? तुमच्या खात्याने?"

सिन्योरा योविने याच डोंगराखालच्या होत्या. त्यांनी संतांपुढे बरोबरची खूण केली आणि पहिलं पान काढलं.

"धोका क्रमांक एक. इटली." एक म्हणजे इटली, हे त्यांनाही पाठ होतं. "निवारण, नाही." त्यांनी चष्मा काढला. वर चालू-बंद होणाऱ्या ट्यूबलाइटकडे बघितलं, भिंतीवर आठ वर्षांपूर्वी थांबलेल्या घड्याळाकडे बघितलं. "हे बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि खूण केली.

मग त्यांनी यंत्रावर संभाव्यतेचे गुण बडवले आणि मान हलवली. "एकूण तीनशे बारा. दीडशेच्या वर गुण गेले तर उद्योग करू नये, असा नियम आहे. दीडशे. तुमचे दुप्पट." त्यांचा आवाज मऊ झाला. "अहो, तुम्ही शहाणी माणसं दिसता. इतके धोके समोर दिसत असताना दुकान काढतं कोण?"

हे वाक्य ओरेस्तेचंच होतं, शब्दन् शब्द. हेच बोलून त्याने चौतीस वर्षं माणसं घरी पाठवली होती, आणि घरी येऊन बायकोला हेच ऐकवलं होतं. खिडकीच्या या बाजूने ते पहिल्यांदाच ऐकू येत होतं, आणि त्याला ते अजिबात आवडलं नाही.

"नियम दाखवा," तो म्हणाला.

"काय?"

"नियम. छापलेला. मी विम्यातला माणूस आहे, मला बारीक अक्षर वाचता येतं."

त्यांनी पुस्तक सरकवलं. ओरेस्तेने नाकाशी धरून वाचलं आणि टिचकी मारली. "'करू नये असा सल्ला दिला जातो.' सल्ला! मी आयुष्यभर सल्लाच दिलाय, बाईसाहेब. सल्ला ऐकून घ्यायचा असतो. आम्ही ऐकला. आभारी आहोत. आता शिक्का मारा!"

त्याचा आवाज एवढा चढला होता की आठ नंबरच्या खिडकीने मान बाहेर काढली. तितीना नवऱ्याकडे बघतच राहिली.

"आरडाओरडा करू नका," सिन्योरा योविने म्हणाल्या. "शेवटच्या पानावर अर्जदाराने स्वतः लिहायचं असतं, धोके समजूनही उद्योग करायचा आहे का. घ्या बाई, तुम्ही अर्जदार. आणि आधी ते पान वाचा. दहा मिनिटं आहेत."

तितीनाने शेवटचं पान घेतलं. तिच्याकडे चष्मा नव्हता म्हणून कागद लांब धरून ती मोठ्याने वाचू लागली. "शहाऐंशी. दुकान. संभाव्यता, पाचपैकी पाच. जबाबदार व्यक्ती, ओरेस्ते." ती थांबली. पुढचा शब्द तिने आधी मनात वाचला, मग तोंडाने. "निवारण... उघडणे."

ट्यूबलाइट गेली आणि आली.

"तीस वर्षं लागली होय रे तुला एवढं लिहायला?" ती म्हणाली. आवाज चिडका काढायचा होता, पण तसा निघाला नाही. तिने डोळे पुसले आणि चौकटीत इतक्या जोराने 'हो' लिहिलं की कागद फाटला.

सिन्योरा योविनेंनी फाटलेल्या जागेवर चिकटपट्टी लावली आणि वर शिक्का मारला. "अर्धा किलो ठेवा माझ्यासाठी," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "मिरी जास्त घातलेली." मग त्यांनी खिडकी खाडकन लावली.

रस्त्यावर लॉटरीचं दुकान लागलं. ज्या माणसाने जन्मात कधी एक आकडा लावला नव्हता, तो दारात रेंगाळला. "शहाऐंशी लावू का गं?" त्याने विचारलं. "एकदाच."

तितीनाने त्याची बाही धरून ओढली. "तो आपण लावलाय आत्ताच. चल, कातेल्लो वाट बघतोय, भट्टी पेटवायचीय."